रेझिनचे खडे घरी बनवताय? हात सांभाळा

राखीच्या आधी लोणीतली एक ताई दवाखान्यात आली. बोटांच्या बेचक्यांत पुरळ, पापण्या सुजलेल्या. मी खरूज समजून मलम दिलं. आठवड्याने ती तशीच परत आली, तेव्हा कुठे विचारलं, "घरी काय काम करता?" तिने पिशवीतून सिलिकॉनचा साचा काढला. त्यात राख्यांसाठी ओतलेले लाल-हिरवे खडे! हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

तुम्हीही असे खडे बनवत असाल, तर साच्याला घाबरू नका. पूर्ण कडक झालेला खडाही सहसा त्रास देत नाही. त्रास ओल्या मिश्रणाचा, म्हणजे इपॉक्सी रेझिन आणि हार्डनरचा. महिनोन्‌महिने काही होत नाही आणि एक दिवस ॲलर्जी उभी राहते. मग ती बहुधा जन्मभर राहते, थेंबभर लागलं तरी पुरळ येतं. पापण्यांना वाफ लागते, किंवा चिकट बोट.

हातमोजे नायट्राइलचे घ्या, डाग पडला की बदला. लॅटेक्सचे साधे हातमोजे इथे पुरत नाहीत. हाताला लागलं तर साबण-पाणी वापरा, थिनर अजिबात नको. त्याने त्वचा आणखी सोलवटते. खिडक्या उघड्या ठेवा. स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम नको. खडा घासताना मास्क लावा.

ताईचे हात आता बरे आहेत. ओतणं बंद करून ती तयार खडे आणते आणि राख्या बांधते. त्यात सुटतं कमी, हे मात्र दर वेळी ऐकवते.