पाहुण्यांची खोली

आमचा पुतण्या कांहीं वर्षें जपानांत नोकरीस आहे. गेल्या पौषांत तो नंदुरबारला घरीं आला. त्याच्या तोंडून तेथील हिमप्रदेशाच्या गोष्टी ऐकून मुलांनीं बर्फ पाहण्याचा हट्टच धरला. नंदुरबारांत बर्फ कोठला? पण कडाक्याच्या थंडींत सातपुड्याच्या माथ्यावर दंव गोठतें, हें ऐकून होतों. म्हणून आम्ही सातजण शहाद्यावरून तोरणमाळास निघालों.

सातपायरीचा घाट चढून, अकराशें मीटरांहून अधिक उंचीच्या त्या पठारावर पोहोंचेपर्यंत दिवस कलला होता. यशवंत तलावाच्या पलीकडे एका पावरा शेतकऱ्याच्या घरीं उतरण्याची सोय झाली. दोन वेळच्या जेवणासह त्यानें १,५०० रुपये सांगितले. मीं घासाघीस करून १,२०० ठरविले, आणि ३०० रुपये वांचविल्याचा मला किंचित् अभिमानही वाटला.

कुडाच्या भिंती, वर कौलें, शेणानें सारवलेली जमीन. रात्रीं चुलीपाशीं ज्वारीची भाकरी, उडदाची दाट आमटी आणि लसणाची चटणी अशी पंगत झाली. घरांतील वृद्ध आजी आग्रह करकरून वाढावयास सांगत होत्या. त्यांची बोली पावरी; धाकटा मुलगा अर्थ सांगे.

पुतण्या म्हणाला, "काका, नीगाता प्रांतांत मी अशाच घरीं राहिलों होतों. स्वस्त आणि घरगुती. त्यांना तिकडे 'मिन्शुकु' म्हणतात. गवताच्या चटईवर निजावयाचें, घरच्यांनीं रांधलेलें जेवावयाचें. तेथें महिनेच्या महिने शेतें बर्फाखालीं असतात. पूर्वीं पुष्कळ कर्ते पुरुष हिवाळ्यांत मजुरीसाठीं शहरांत जात. त्याच प्रांतांत ताकादा येथें १९११ सालीं एका ऑस्ट्रियन अधिकाऱ्यानें सैनिकांस पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरावयास शिकविलें. पुढें त्या खेळाचे शौकीन वाढले, आणि डोंगरांतल्या शेतकऱ्यांनीं आपलीं घरें त्यांना उघडीं केलीं. ज्या बर्फानें माणसें घराबाहेर काढलीं, त्यानेंच त्यांतल्या कित्येकांस घरीं ठेवलें."

आजींनीं मुलाकडून सारें समजून घेतलें व विचारलें, "मग त्यांचीं पोरें आतां हिवाळ्यांत घरींच राहतात?"

"पुष्कळ राहतात, आजी."

आजी थोडा वेळ निखाऱ्यांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्हांला दिली ती खोली थोरल्याची. दिवाळीनंतर ऊस तोडावयास बायकामुलांसह तो गुजरातेंत गेला. पाहुण्यांच्या पैशावर धाकटा तेवढा राहिला. पाहुणे वाढले, तर थोरलाही राहील."

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. खुंटीला लहान मुलाचें दप्तर अडकविलेलें होतें. मूल ऊसाच्या फडांत आणि दप्तर येथें! एका छपराखालीं चार बिऱ्हाडें नांदत असलेल्या आमच्यासारख्या घरांत आपण भांड्याला भांडें लागल्याचें गाऱ्हाणें करतों. पण सर्वांनीं एकत्र राहावयासही कांहीं किंमत पडते, आणि ती सर्वांनाच परवडत नाहीं, हें मला त्या दप्तरानें शिकविलें.

पहांटे मुलांचा गलका ऐकून बाहेर आलों. अंगणांतील गवतावर पांढरे शुभ्र कण पसरले होते. खरें पाहतां तो बर्फ आकाशांतून पडलेला नव्हता. निरभ्र, निवांत रात्रीं गवत आपली ऊब उघड्या आकाशाकडे टाकतें, गार हवा सखल जागीं सांचते, आणि गवताच्या काड्या हवेहूनही थंड होऊन त्यांवरचें दंव गोठतें. मुलें तें ओंजळींत घेऊन नाचत होतीं; आजी मात्र फुलोऱ्यावर आलेला हरभरा न्याहाळीत होत्या. ऊन येतांच सारें विरघळून गेलें.

निघतांना मीं १,५०० रुपये पुढें केले. आजींनीं मुलाकरवीं ३०० परत केले. "बोलणें १,२०० चें झालें होतें."

मी ओशाळलों. म्हणालों, "बरें, पुढच्या पौषांत पुन्हां येऊं, तेव्हां मात्र १,५०० च ठरले."

"होळीलाच या ना," त्या म्हणाल्या. "तेव्हां थोरलाही घरीं असेल."

"आणि आमची खोली?"

आजी प्रथमच मोकळेपणानें हंसल्या. "तेव्हां खोली रिकामी नसेल. अंगणांत निजा!"