गुंठ्याला एकशे पस्तीस

एक आकडा अजून डोक्यातून जात नाही. गुंठ्याला १३५ रुपये. जुलै २०२१च्या महापुरात बुडालेल्या बागायती पिकाला सरकारी निकषाने हेक्टरी १३,५०० रुपये मिळायचे, त्याचा हा भागाकार. शिरोळ तालुक्यात ऊस बरा साधला तर गुंठ्याला टनभर निघतो आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने जाहीर केलेली एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, होती टनाला २,९०० रुपये. पोंग्यात गाळ बसला की ऊस उभ्याउभ्या कुजतो. तो तोडून बांधावर टाकायची मजुरीसुद्धा १३५ रुपयांत भागत नाही.

पुराचं वर्णन इथल्या माणसाला सांगायला नको.

१ सप्टेंबरला स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे कार्यकर्ते आपले नेते राजू शेट्टींबरोबर प्रयाग चिखलीहून चालत निघाले. पंचगंगा जिथे सुरू होते तिथपासून ती कृष्णेला मिळते तिथपर्यंत, म्हणजे नृसिंहवाडीपर्यंत, पाच दिवसांची परिक्रमा. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये कंपन्यांची माणसं एकसारखे टी-शर्ट घालून ड्रीम रनला उतरतात, संस्थांसाठी देणग्या जमवतात. चांगलंच आहे ते. इथे टी-शर्टऐवजी छातीवर लाल बिल्ला होता, आणि चालणाऱ्यांतल्या कित्येकांचं स्वतःचंच रान पाण्याखाली गेलेलं.

मागणी सोपी होती : २०१९च्या पुरात दिलं तसं द्या. त्या पुरानंतर फडणवीस सरकारने एक हेक्टरपर्यंतच्या बाधित पिकाचं कर्ज माफ केलं होतं, आणि ज्यांनी कर्जच काढलं नव्हतं त्यांना नेहमीच्या तिप्पट भरपाई दिली होती. नदी तीच, रान तेच, दोन वर्षांत खताचे दर तेवढे वाढलेले. मग भरपाई मागे का जावी? ३ ऑगस्टला ठाकरे सरकारने ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं तेव्हा गावात क्षणभर बरं वाटलं होतं. फोड वाचली तर त्यातले ७,००० कोटी पुढच्या आपत्तींसाठीच्या उपायांना, ३,००० कोटी पुनर्बांधणीला, आणि प्रत्यक्ष मदतीला १,५०० कोटी. तेही अनेक जिल्ह्यांत वाटायचे. पॅकेज जाहीर करताना बेरीज मोठ्याने सांगतात, फोड हळू आवाजात. पुढच्या पुराच्या भिंतींचे पैसे या पुराच्या मदतीत मोजायचे नसतात, एवढं तरी कुणी सांगायला हवं होतं. आणि संघटना तर तेव्हा याच सरकारची मित्र! मित्रालाच रस्त्यावर यावं लागलं तर बाकीच्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

५ सप्टेंबरला परिक्रमा नृसिंहवाडीत पोहोचली. जलसमाधीचा इशारा आधीच दिलेला, त्यामुळे घाटाकडे पोलिसांचा मोठा बंदोबस्त. काही कार्यकर्त्यांनी नदीत उड्या घेतल्याच. त्यांना बाहेर काढलं. शेवटी मुख्यमंत्र्यांशी बैठक ठरली आणि आंदोलन थांबलं.

नदीत उड्या मारण्याचा हा प्रकार मला कधीच पटला नाही. वाडीत पाण्याला मान आहे. कृष्णा दत्तमंदिराच्या गाभाऱ्यातल्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते तेव्हा दक्षिणद्वार सोहळा म्हणून लोक स्नानाला धावतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. त्याच पाण्यात पोलिसांशी झटापट बघवत नाही. पण खरं सांगायचं तर बैठक ठरली ती उड्यांच्या दिवशी. आधीचे चार दिवस माणसं नुसती चालत होती तेव्हा कुणाला घाई नव्हती.

चालणं मात्र संघटनेने सोडलं नाही. २०२२च्या एप्रिलमध्ये ती या सरकारच्या आघाडीतून बाहेर पडली. २०२३ला उसाच्या थकीत चारशे रुपयांसाठी कारखान्यांच्या दारांवरून ५२२ किलोमीटर पायपीट केली. त्यानंतरही शिरोलीला महामार्ग अडवावा लागला, आणि हाती आले टनाला पन्नास ते शंभर रुपये.

राहिला गुंठ्याचा दर. सरकार बदलल्यावर ऑगस्ट २०२२मध्ये बागायतीला हेक्टरी २७,००० ठरले, म्हणजे गुंठ्याला २७०. २०२१च्या कुजलेल्या उसाला ते लागू नव्हते.