भारीतलं इंजेक्शन

‘अँटिबायोटिक कोणतं चांगलं, ते वाचकांना एकदा सोपं करून सांगा,’ असं संपादकांचं पत्र आलं, त्याच आठवड्यात आमच्या एका पेशंटचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ऊसतोडीत टाचेत सड घुसलेला, शुगर चारशेच्या वर. गावात धनुर्वाताचं इंजेक्शन आणि तीन दिवस गोळ्या झाल्या होत्या. पोटरी लाल, तुकतुकीत. सूज फार नव्हती, पण नुसता हात लावला तरी माणूस किंचाळत होता. मुलगा पुन्हा पुन्हा सांगत होता, “डॉक्टर, लागेल तेवढं भारीतलं इंजेक्शन द्या, पण चिरफाड नको.”

भारीतलं! पंचवीस वर्षं हा शब्द ऐकतोय आणि अजून त्याला शांतपणे उत्तर देता येत नाही. गळू असेल तर चिरा देऊन पू काढणं हाच मुख्य उपाय. जुनी माणसं ज्याला धावरं म्हणायची, ते बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकोकस या जंतूचं काम. त्याला पेनिसिलिनच्या घराण्यातलं साधं औषध आजही पुरतं. आणि या पेशंटला झालं होतं ते नेक्रोटायझिंग फॅसिआयटिस. यात कातडीखाली, स्नायूंवरचं आवरण सडत जातं. तिथल्या रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बंद होतात. जिथे रक्तच जात नाही, तिथे रक्तातून जाणारं औषध कसं पोहोचणार? मेलेला भाग काही तासांत कापून काढावाच लागतो.

मग औषधांच्या तुलना कशाच्या होतात? मेथिसिलिन या औषधाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूवर वँकोमायसिन की लिनेझोलिड, ही नेहमीची जोडी. वँकोमायसिन १९५८ पासूनचं. शिरेतून सावकाश द्यायचं, मूत्रपिंडावर नजर ठेवायची. लिनेझोलिड २००० सालचं. त्याची गोळी जवळजवळ इंजेक्शनइतकीच लागू पडते, पण दोन आठवड्यांपुढे गेलं की प्लेटलेट उतरू लागतात. अशा चाचण्यांचा निष्कर्ष बहुधा ‘नॉन-इन्फिरिअर’ असा असतो: नवं औषध जुन्यापेक्षा एका ठरावीक मर्यादेपलीकडे कमी पडत नाही. ही मर्यादा बरेचदा दहा टक्के असते.

दहाच का? इथे मला थांबावंच लागतं. जुन्या औषधाचा मुळात किती फायदा होतो हे माहीत असेल, तरच नव्याला किती सूट द्यायची ते ठरेल. आज कुणाला औषधाविना ठेवून ते मोजता येणार नाही. म्हणून अमेरिकी नियामकांना थेट १९३७ सालच्या ग्लासगोपर्यंत मागे जावं लागलं. तिथे स्नॉडग्रास आणि अँडरसन यांनी धावऱ्याच्या रुग्णांत प्रॉन्टोसिल हे औषध आणि औषधाविना नुसते अतिनील किरण यांची तुलना केली होती. लाली पसरायची कधी थांबते, हे त्यांनी पाहिलं. आजच्या चाचण्यांत ४८ ते ७२ तासांत डाग किमान वीस टक्के आटला का, हे मोजतात, त्याचं मूळ तिथेच आहे. आणि या चाचण्यांतून सहसा कोणाला वगळतात? सडत्या फॅसियाच्या पेशंटला. म्हणजे ज्याच्यासाठी मला रात्री उत्तर हवं असतं, तो त्या आकड्यांत नसतोच.

त्याच्यासाठी आधार आहे तो मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांचा. १९५२ साली हॅरी ईगल यांनी दाखवलं, की स्ट्रेप्टोकोकसची गर्दी फार झाली की पेनिसिलिन लुळं पडतं, कारण ते वाढत्या जंतूंनाच मारतं आणि गर्दीत वाढ मंदावलेली असते. क्लिंडामायसिन जंतूचं प्रथिनं बनवणंच थांबवतं, त्यामुळे त्याचं विषही थांबतं. म्हणून आम्ही दोन्ही देतो. औषध स्वस्त-महाग असण्याचा याच्याशी काही संबंध नाही.

तरीही साध्या गळवावर लिनेझोलिड लिहिलेली चिठ्ठी मी दर आठवड्याला पाहतो. जुन्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर आज हेच औषध लागतं. ते असं उधळलेलं पाहून जीव तुटतो.

पाय गेल्यावर मुलानं विचारलं, “आधीच भारीतलं दिलं असतं तर?” मी म्हणालो, “नाही. औषध बरोबर होतं.” ते खरंच होतं. त्या रात्री मी पोटरीवर पेनानं लालीची कड आखली, मूत्रपिंडाचा रिपोर्ट पाहिला, मात्रा ठरवल्या, घरच्यांची समजूत घालत बसलो. पेशंट साडेनऊला आला होता. सर्जनला फोन मी साडेबाराला केला.