एमएसचा थकवा आणि रानातलं वेळापत्रक

हरभऱ्याच्या काढणीच्या नोंदी यंदा टाकायच्या राहिल्या. दुपारी फोन उचलत नाही म्हणून दोघातिघांनी नाराजीही कळवली. म्हणून आज पीक बाजूला ठेवून हे लिहितो.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, एमएस म्हणतात त्याला. निदान होऊन सहा वर्षं झाली. मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या नसांवर एक आवरण असतं, ते आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती खराब करते. उंदरानं मोटारीच्या केबलचं वरचं प्लास्टिक कुरतडावं, तसं. मग निरोप पायापर्यंत उशिरा पोचतो, कधी पोचतच नाही. संसर्गाचा रोग नाही हा. माझ्या तांब्यानं पाणी प्यायलं म्हणून कुणाला होत नाही.

डावा पाय ओढतो ते लोकांना दिसतं. थकवा दिसत नाही, आणि जास्त त्रास त्याचाच. एमएसच्या बहुतेक रुग्णांना तो असतो.

दमणं मला नवीन नाही. तीस वर्षं शेती केली. दिवसभर पाणी धरून रात्री पडलं की सकाळी अंग मोकळं व्हायचं. हा थकवा झोपून उठल्यावरही तिथंच असतो. जुन्या बॅटरी पंपासारखं आहे. रात्रभर चार्जिंगला लावा, दिवा हिरवा दाखवतो, आणि चौथ्या टाकीला बसतो. अंघोळ करून शर्टाची बटणं लावली की काही दिवशी तेवढ्यातच संपतं. डोकंही दमतं. खताच्या आठ पोत्यांचा हिशोब तीनदा करावा लागतो, बोलता बोलता साधा शब्द सापडत नाही.

ऊन तर वैरी. अंगाचा ताप थोडा वाढला तरी कुरतडलेल्या नसा आणखी मंदावतात, डोळ्यापुढं धूसर होतं. गार झालं की पुन्हा जागेवर येतं. म्हणून फवारणी मी सोडली. कोट, मास्क, हातमोजे घातले की आत भट्टी, आणि ते न घालता फवारायचं तर कृषी सहायक साहेब सोडणार नाहीत, बरोबरच आहे. पुतण्या करतो आता.

पाण्याचं मात्र अजून जमत नाही. आमच्या फीडरला एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. दिवसा उन्हानं मरण. रात्री गारवा असतो, पण झोप मोडली की पुढचे दोन दिवस वाया. ड्रिप आणि मोबाईल स्टार्टर बसवला, तरी व्हॉल्व्ह फिरवायला माणूस लागतोच.

गेल्या सोयाबीनच्या काढणीला अकरा वाजता लिंबाखाली आडवा झालो. मजुरांतली एक बाई म्हणाली, "मालक दमले, आपण नाही दमलो." ती खोटं बोलली नव्हती. उन्हात वाकून ती कापत होती, मी सावलीला. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना केबलचं उदाहरण देऊन सांगितलं. त्यांना पटलं. आमच्या आबांना अजून पटत नाही. ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्या लेखी माणूस एक तर आजारी असतो, नाही तर आळशी.

डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-बारा तपासलं, कारण थकव्याची दुसरी कारणं असली तर ती आधी काढावी लागतात. रोग वाढू नये म्हणून औषध चालू आहे, पण त्यानं थकवा जातोच असं नाही. पूर्ण दमायच्या आधी थांबायचं, रोज थोडा व्यायाम, मानेला ओलं उपरणं. संध्याकाळी लग्न असेल तर दुपारचं काम रद्द. आमच्या मंडळीनं हे माझ्याआधी शिकून घेतलं. बाजारचं गठुडं आता तीच उचलते, आणि मला ते बघवत नाही.

कुणाच्या घरी असा रुग्ण असेल तर सांगतो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

टोमॅटो यंदा नाही. त्याला रोज माणूस उभा लागतो. विहिरीकडचं दोन एकर चुलतभावाला वाट्यानं दिलं, बाकी रानात सोयाबीन आणि तूर. सही करताना हात कापला, तो एमएसमुळं की कशामुळं, ते सोडा.

फोन सकाळी दहाच्या आत करा. दुपारी उचलला नाही तर मेसेज टाकून ठेवा, सात वाजता बघतो.