कपाळावरचे पाच ठिपके

"माझा एक चांगला फोटू काढून ठिव," आजी म्हणाली, "मागनं लागंल."

मागनं म्हणजे कधी, ते कुणी विचारलं नाही. बार्शीकडच्या आमच्या घरात, सोप्यातल्या भिंतीवर आजोबांचा हार घातलेला फोटो आहे. रेशनकार्डासाठी काढलेला, नंतर मोठा करून घेतलेला. त्यात आजोबा इतके घाबरलेले दिसतात, जितके ते जन्मात कधी घाबरले नसतील. आजीला तसलं काही नको होतं.

मी लगेच फोन काढला. तिला बाजेवर बसवलं, फोटो काढला, दाखवला. तिनं चष्मा सारखा केला, स्क्रीन डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाली, "ही कोण म्हातारी? माझं गोंदण कुटं गेलं?"

खरंच नव्हतं. आजीच्या कपाळावर दोन भुवयांच्या मध्ये पाच ठिपके आहेत आणि हनुवटीवर एक. सात-आठ वर्षांची असताना जत्रेत गोंदलेले. आता हिरवट-निळे, सुरकुत्यांत बुडालेले. आजोबा गेले तेव्हा तिचं कुंकू गेलं. गोंदण मात्र कुणाला पुसता आलं नाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्या म्हणतात, सगळे दागिने इथंच राहतात, वर जाताना गोंदण तेवढं सोबत येतं. माझ्या फोननं ते एका सेकंदात पुसलं होतं.

ब्युटी मोड बंद केला. तरी तेच. मग माझ्यातला इंजिनिअर जागा झाला आणि थोडा वरमलाही, कारण कॉलेजात इमेज प्रोसेसिंग शिकताना मीडियन फिल्टरचा कोड मी स्वतः लिहिला होता. तो प्रत्येक पिक्सेलच्या जागी त्याच्या शेजाऱ्यांमधली मधली किंमत टाकतो. आजूबाजूला सगळं एकसारखं आणि मध्येच एखादा वेगळा ठिपका दिसला, की तो नॉइज समजून साफ. फोनमधली गणितं याहून खूप हुशार असतात, पण चणीनं छोट्या सेन्सरवर सोप्यातला तेवढासा उजेड पडला, की त्यांनाही दाणेदार चित्र गुळगुळीत करावंच लागतं. अंधुक उजेडात गोंदण आणि नॉइज यांतला फरक त्यांना कोण सांगणार?

तेव्हा कॅमेराच घ्यायचा, असं ठरवलं आणि पुण्याला येऊन माझ्या जातीची माणसं करतात तेच केलं: एक्सेल शीट उघडली. मेगापिक्सेल, फोकस पॉइंट, सेकंदाला किती फ्रेम, फोर-के व्हिडिओ, बॅटरी, वजन, वायफाय. रात्री जेवल्यावर रिव्ह्यू बघायचे, एक कॉलम वाढवायचा, झोपायचं. कॅमेरा पक्का होतोय असं वाटलं, की त्याचं नवं मॉडेल येणार असल्याची कुजबुज ऐकू यायची. असे चार महिने गेले.

दिवाळीला गावी गेलो तर आजी बाजेवरच. न्हाणीत पाय घसरून पडली होती. हाड शाबूत होतं, पण चेहरा अर्धा झाला होता. "आणलास का क्यामेरा?" तिनं विचारलं. माझ्याकडे सदतीस कॉलमची शीट होती.

त्या रात्री ती बंद केली आणि कागदावर चार ओळी लिहिल्या. माणूस: बसलेलं. जागा: सोपा, एका दारातून येणारा उजेड. अंतर: दीड मीटर. प्रिंट: ८ बाय १२ इंच. एवढं लिहिल्यावर निम्मे कॉलम आपोआप गळाले. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर २४०० गुणिले ३६००, म्हणजे साडेआठ मेगापिक्सेलच्या आसपास. गेल्या दहा वर्षांतले बहुतेक बरे कॅमेरे याच्या दुपटीहून जास्त देतात. आजी काही धावत जाणार नव्हती, त्यामुळे सेकंदाला किती फ्रेम तेही गेलं.

उरला उजेड. तो गोळा करतो सेन्सर. पावसात अंगणात एक वाटी ठेवा आणि एक परात; पाऊस तोच, पाणी परातीत जास्त. स्वस्तातल्या छोट्या कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण २८ चौरस मिलिमीटरचा असतो, एपीएस-सी नावाचा सेन्सर साधारण ३६७ चा. तेरापट. फुल फ्रेम ८६४ चा, पण तिथे किंमतही त्याच चालीनं चढते. मेगापिक्सेलचा आकडा खोक्यावर ठळक छापतात, हे क्षेत्रफळ शोधावं लागतं.

आणि लेन्स. कॅमेऱ्यासोबत फुकट मिळाल्यासारखी येणारी १८-५५ ची लेन्स ५५ वर नेली, की फार तर एफ ५.६ पर्यंत उघडते. एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. एफ १.८ ची झूम नसलेली लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. कुणी विचारलं तर मी आता एवढंच सांगतो की बॉडी जुनी घे, लेन्स चांगली घे. बॉडी दर दोन वर्षांनी म्हातारी होते, लेन्स नाही.

मुंबईला फोर्टातल्या बोरा बाजारात गेलो. निकॉन डी ५३००, २०१३ चं मॉडेल, वापरलेला. सोबत ३५ एमएम, एफ १.८. दुकानदार कॅमेरा पुसून "एकदम नवा" म्हणाला. मी एक फोटो काढून लॅपटॉपवर घेतला आणि त्यातून शटर काउंट वाचला: अठरा हजार. हे शटर एक लाख क्लिकपर्यंत तपासलेलं असतं, म्हणजे बरंच आयुष्य शिल्लक. पहिल्या लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. मुंबईच्या दमट हवेचा प्रसाद. दुसरी मागितली. एफ १६ ला बाहेरचं आभाळ टिपून सेन्सरवरचे धुळीचे डाग पाहिले. शेवटी कॅमेरा दहा मिनिटं नुसता हातात धरून उभा राहिलो. बटणं बोटाखाली येतात का, पकड जमते का, याचा कॉलम माझ्या शीटमध्ये नव्हताच.

पहिल्या दिवशी फसलो. कॅमेरा ऑटोवर होता, त्यानं आयएसओ ६४०० वर नेला, स्वतःच्या मनानं नॉइज साफ केला आणि ठिपके पुन्हा पुसट. म्हणजे चोर घरातही होता. नॉइज रिडक्शन बंद केलं, रॉ फाइल सुरू केली, आजीला बाजेसकट दारापाशी सरकवलं. एफ २.८, आयएसओ ८००, सेकंदाचा १२५ वा भाग.

आता ती आजोबांसारखी ताठ बसली. चाळीस फोटो तसेच गेले. मग शेजारची शेळी वाळवणात शिरली, आजी तिच्यावर खेकसली आणि खेकसतानाच हसली.

प्रिंट हातात घेऊन तिनं ठिपक्यांवर बोट ठेवलं. मोजले. मग हनुवटीवरचा शोधला. "ही मीच," म्हणाली.

फ्रेम सध्या तिच्या ट्रंकेत, जुन्या इरकलीत गुंडाळून ठेवली आहे. आजोबांच्या शेजारी खिळा मारून ठेवू का, असं बाबांनी विचारलं, तर म्हणाली, "कशाला घाई?"