फुकट सल्ला आणि फाइल चार्ज



आपल्या मंडळींपैकी काहींची मुलं-भाचरं आखातात नोकरीला आहेत. राहतात तिकडे, पण घर घ्यायचं ते ठाणे-पनवेलकडे. अशा लोकांना कर्ज मिळवून देणारा एक 'सल्लागार' हटकून भेटतो. त्याच्याबद्दल चार शब्द लिहावेत असं बरेच दिवस मनात होतं.

माझी भाची आणि जावई बहारीनला तुबली इथे भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. तुबली म्हणजे खाडीच्या काठची वस्ती. एका बाजूला गॅरेजेस आणि कामगारांच्या खोल्या, दुसरीकडे नवीन इमारती आणि अन्सार गॅलरीचं मोठं दुकान. खाडीत तिवराची झाडं अजून थोडी शिल्लक आहेत. भराव टाकून टाकून खाडी मात्र आक्रसली. वारा फिरला की सांडपाण्याच्या प्लांटचा वास येतो, आणि मला आपली माहीमची खाडी आठवते. २०२२ च्या सुरुवातीला मी तिथे गेले होते. तेव्हा तेल अवीवहून गल्फ एअरचं विमान थेट जात असे.

बहारीनमध्ये परदेशी माणसाला २००३ पासून ठरावीक भागांत घर विकत घेता येतं, जसे अमवाज बेटं किंवा जुफेर. पण नोकरी संपली की परत जायचं, म्हणून या दोघांनी पनवेलला ६० लाखांचा तयार फ्लॅट बघून ठेवला होता. मनामाच्या एका हॉटेलात बिल्डरांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथेच हा सल्लागार भेटला. तिशीतला मुलगा, मराठीच, बोलायला गोड. शुक्रवारी सुट्टी म्हणून दुपारी घरी आला. मला शब्बाथचे दिवे लावायची घाई होती, तरी मी बसून राहिले.

तो म्हणाला, "मावशी, आमचा सल्ला एकदम फ्री आहे."

मी म्हटलं, "मग बाळा, तुझं घर कसं चालतं?"

तो हसला. तसा तो वाईट नव्हता. शेवटी म्हणाला की कर्ज पास झालं की बँक त्याला रकमेवर टक्केवारी देते. म्हणजे कर्ज जितकं मोठं तितकी त्याची कमाई मोठी, आणि जी बँक जास्त देईल तिचं नाव तो आधी घेणार. यात बेकायदा काही नाही, भारतात बँकांचे असे एजंट असतातच. पण त्याला सल्लागार म्हणू नये. औषध कंपनीचा माणूस हॉस्पिटलात यायचा, त्याला आम्ही नर्सेस चहा द्यायचो, पण पेशंटला डोस किती द्यायचा ते त्याला विचारत नव्हतो.

इस्राएलमध्ये योएत्स मश्कंता असतो तो उलटा. त्याची फी आपण देतो, काही हजार शेकेल, म्हणून निदान तो कोणाचा माणूस आहे ते कळतं. अर्थात त्यालाही सरकारी लायसन्स लागत नाही, कोणीही पाटी लावू शकतो. तेव्हा त्यालाही विचारावं की तुला बँकेकडून किंवा विमा कंपनीकडून काही मिळतं का, आणि ते लिहून दे.

मग मी त्या मुलाला खर्चाचा कागद मागितला. गणित मला एली कदूरी शाळेत शिकवलेलं आहे, चक्रवाढ व्याजासकट, ते अजून विसरले नाही. ४८ लाखांचं कर्ज, २० वर्षं, व्याज ७.१५ टक्के. प्रोसेसिंग फी अर्धा टक्का, म्हणजे २४ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण २८,३२०. पुढे 'फाइल चार्ज' २५ हजार, रोख, त्याच्याच हातात, आणि तेही कर्ज मंजूर होण्याआधी. आणि अगदी खाली बारीक अक्षरात कर्जाचा विमा दीड लाख, तो कर्जातच मिळवलेला.

हा विमा लोकांना कळतच नाही. दीड लाख आज खिशातून जात नाहीत म्हणून बरं वाटतं. पण २० वर्षं त्यावर व्याज चढतं आणि शेवटी पावणेतीन लाखांच्या वर जातात. "मावशी, कम्पल्सरी आहे," तो म्हणाला. कम्पल्सरी नाही. विमा असावा, माझं त्याला ना नाही, पण तो वेगळा घ्यावा, चार ठिकाणी भाव बघून. आणि बँकेने आपलीच पॉलिसी घ्या म्हणून अडवलं तर तसं लेखी द्या म्हणावं. लेखी कोणी देत नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री, शब्बाथ सुटल्यावर, भाचीने त्याच बँकेच्या एनआरआय खात्यात स्वतः अर्ज टाकला. एजंट नाही, कोणी नाही. उत्तर आलं ६.९० टक्के. पाव टक्क्याचा फरक म्हणजे काय मोठं, असं जावई म्हणाले. मी हिशेब मांडला: महिन्याला ७२० रुपये, २० वर्षांत १ लाख ७० हजारांच्या पुढे. फाइल चार्ज तर कुठेच नव्हता.

खरी काळजी मला पुढच्या दोन गोष्टींची होती. भारतात ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते. उरलेले १२ लाख आणि वर मुद्रांक शुल्क, रजिस्ट्रेशन आपलं. दोघांकडे चार लाख कमी पडत होते. त्या मुलाचा उपाय तयार: बहारीनमधून दोन हजार दिनारचं पर्सनल लोन काढा. म्हणजे घर एका देशात, आणि कर्ज दोन देशांत. जावयांचा व्हिसा कंपनीच्या हातात. उद्या नोकरी गेली आणि तिथलं कर्ज थकलं, तर बहारीनचं कोर्ट प्रवासबंदी घालू शकतं, विमानात पाय ठेवता येत नाही. माणूस तिकडे अडकलेला आणि पनवेलचा हप्ता चालूच.

दुसरी गोष्ट मुखत्यारपत्राची. परदेशात राहणाऱ्याला सह्यांसाठी भारतात कोणीतरी लागतो. सल्लागार म्हणाला, आमच्या मुंबई ऑफिसातला माणूस आहे, त्याच्या नावे करा, पटकन काम होईल. इथे मात्र मी आवाज चढवला. ज्याला टक्केवारी कर्जावर मिळते, त्याच्याच हातात तुमची सही द्यायची? मुखत्यारपत्र भाचीच्या सासऱ्यांच्या नावे केलं, तेही फक्त याच घरासाठी आणि याच कर्जासाठी, घर विकण्याचा अधिकार न देता. भारतीय वकिलातीत सही साक्षांकित करून घेतली. ते महाराष्ट्रात पोहोचल्यावर तीन महिन्यांत स्टॅम्प करून घ्यावं लागतं, हे पुष्कळांना माहीत नसतं.

शेवटी दोघांनी ६० लाखांचा फ्लॅट सोडला. जावई दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत, चालायचंच. मग ४५ लाखांचा घेतला, ३६ लाख कर्ज, बहारीनमध्ये एक फिल्सही उधार नाही. घर भाचीच्या एकटीच्या नावावर. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, म्हणजे यांचे ४५ हजार वाचले. हे त्या फुकटच्या सल्लागाराने एकदाही सांगितलं नव्हतं.

मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून वाढवायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो साडेसहा झाला. भाचीचा हप्ता तेवढाच राहिला म्हणून ती खुशीत होती. मी म्हटलं, महिने मोज. आपल्याकडे मदादला जोडलेली मश्कंता ज्यांनी फेडली त्यांना हा अनुभव आहे, हप्ते भरत राहा आणि बाकी मात्र हलत नाही. तिने स्टेटमेंट काढलं तर बँकेने मुदतच लांबवली होती. तिने पत्र देऊन हप्ता वाढवून घेतला. ऑगस्ट २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे की हप्ता वाढवायचा की मुदत, हे बँकेने कर्जदाराला विचारायला हवं. आणि बदलत्या व्याजाचं घरकर्ज लवकर फेडलं तर बँकेला दंड घेता येत नाही, हे तर २०१२ पासून आहे. इथे पिराऊन मुक्दामचा अमला भरलेल्यांना ते ऐकून हेवा वाटेल.

आता जे नवीन कर्ज घेतील त्यांचं काम थोडं सोपं आहे. ऑक्टोबर २०२४ पासून बँकेने सही घेण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद द्यावाच लागतो. त्यात सगळ्या फिया आणि बँकेमार्फत वसूल होणारा विमासुद्धा धरून खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. दोन बँकांचे असे कागद शेजारी ठेवावेत. जो खर्च त्या कागदात नाही तो तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय बँकेला घेता येत नाही, आणि एजंटला रोख तर मुळीच देऊ नये.

जाता जाता तुबलीच्या शेजारणीचं सांगते. ती बहारीनी, घर इस्लामिक बँकेकडून घेतलेलं. "आमच्यात व्याज नसतं, नफा असतो," ती म्हणाली. मी म्हटलं, आमच्या बँकांतही हेतेर इस्का भिंतीला लावलेला असतो. मग विचारलं, फी किती घेतली? तिने कपाळाला हात लावला, आणि आम्ही दोघी हसलो.

आणखी एक नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत करायचे, उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. भाचीचं कर्ज २०४२ ला फिटेल. तेव्हा मी काही असणार नाही, म्हणून तिला हे आत्ताच फाइलच्या पहिल्या पानावर लिहायला लावलं आहे.