गाडी लागणे

विषय पाहून पुष्कळ जण नाक मुरडतील याची मला कल्पना आहे. आपल्या वार्षिक अंकात प्रवासवर्णने येतात, आईवर लेख येतात, पहिल्या पावसावर तर दर वर्षी दोन-तीन तरी येतातच. त्यांच्या पंगतीत ओकारीवरचा लेख कुठे बसवायचा, असा प्रश्न संपादक मंडळालाही पडला असेल. (पंगत हा शब्द इथे नको होता, क्षमा असावी.) पण गेली दहा वर्षे ज्या एका गोष्टीने माझे खाणे, झोपणे, गावाला जाणे-येणे ठरवले, ती बाजूला ठेवून मी निसर्गावर लिहायला बसले असते तर ते खोटे झाले असते.

माझे गाव कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी. वसतिगृहात जागा मिळाली ती घाटावर. म्हणजे घरी जायचे तर पाटण, कोयनानगर, हेळवाक मागे टाकून घाट उतरायचा आणि सुट्टी संपली की तोच घाट पुन्हा चढायचा. या रस्त्याने एस.टी.तून गेलेल्यांना खिडक्यांखालचे वाळलेले ओघळ आठवत असतील. आपल्याकडे म्हणतात, 'मला गाडी लागते.' ऊन लागते, दृष्ट लागते, तशी गाडी लागते. जणू सगळा दोष गाडीचा! मला मात्र गाडी कधीच लागत नसे. मला दुसऱ्यांना गाडी लागण्याची भीती होती.

सुरुवात चौथीतल्या सहलीत झाली. प्रतापगडाहून परत येताना शेजारची मुलगी माझ्या मांडीवर ओकली. तिचे पाहून मलाही आली. बाई ओरडल्या, मागची मुले हसली, आणि गाडी थांबेपर्यंत मी तशीच, ओल्या फ्रॉकने बसून राहिले. एवढेच. त्यानंतर दहा वर्षांत मी एकदाही ओकले नाही. पण त्या दहा वर्षांत असा दिवस गेला नाही की ज्या दिवशी ओकारीचा विचार मनात आला नाही. दूध पिण्याआधी मी तीनदा वास घेई. लग्नाच्या जेवणात नुसता भात खाई. कोणी खोकले तरी माझे लक्ष त्याच्या तोंडाकडे. प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून मी काही खात नसे, आणि बाहेरच्या पदार्थाला तर हातही लावत नसे. गाडीत बसले की पाठीमागे कोण बसले आहे ते आधी पाही. मांडीवर लहान मूल असेल तर मी उभ्याने प्रवास करी.

घरी हे सांगण्यासारखे नव्हते. आई म्हणे, "अगो, ओकलं तर ओकलं. पोट मोकळं होतं. त्यात घाबरायचं काय?" आजीच्या मते सगळे पित्ताचे काम. शेजारच्या काकी एकदा भर अंगणात म्हणाल्या, "लग्न झाल्यावर कसं गो होणार तुझं? पहिले तीन महिने ओकाऱ्या कुणाला चुकल्यात?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. रात्री झोप लागली नाही.

बारावीचा निकाल लागला तेव्हा मी वडिलांना सांगितले की मला पुढे शिकायचे नाही. कारण एकच होते, घाट. वडिलांना वाटले, फीच्या विचाराने पोरगी मागे सरते आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैशाची काळजी तू करू नकोस. म्हैस विकू." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. माणूस माझ्यासाठी म्हैस विकायला निघाला होता आणि मला त्याला खरे कारण सांगता येत नव्हते. मी आले. म्हैस विकावी लागली नाही, पण ते वाक्य अजून माझ्या पोटात आहे.

तरीही मी हा लेख लिहिला नसता. लिहावा लागला तो गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातल्या एका रात्रीमुळे. आई-वडील मयताला बाहेरगावी गेले होते. घरात मी, आजी आणि सात वर्षांचा धाकटा भाऊ. आजीला रात्रीचे दिसत नाही. मध्यरात्री भाऊ उठून बसला आणि म्हणाला, "ताई, मळमळतंय." मी उठले, दार उघडले आणि बाहेर पडले. पडवीच्या टोकाला, पावसाच्या झडीत, कानांत बोटे घालून बसले. कानांत बोटे असली तरी 'ताई, ताई' ऐकू येतच होते. शेवटी त्याच शेजारच्या काकी कंदील घेऊन आल्या. त्यांनी त्याचे कपाळ धरले, चूळ भरायला दिली, राख टाकून जमीन सारवली. सकाळी भावाने विचारले, "तू कुठे होतीस?" मी म्हणाले, काकींना बोलवायला गेले होते. त्याने ते खरे मानले.

सुट्टीहून परतल्यावर मानसशास्त्राच्या तासाला भयगंडाचा भाग निघाला. उंचीची भीती, बंद खोलीची भीती वगैरे. तास संपल्यावर मी बाईंच्या मागोमाग व्हरांड्यात गेले आणि विचारले, "बाई, ओकारीची भीती असते का?" मला वाटले, हसतील. त्या म्हणाल्या, "असते. तिला इमेटोफोबिया म्हणतात. पुष्कळांना असते, सांगत कोणी नाही." त्या पुढे म्हणाल्या की भीतीची गोष्ट टाळली की तेवढ्यापुरते बरे वाटते, आणि त्या बरे वाटण्यावरच भीती पोसली जाते. फार वाढली, खाणेपिणे सुटले, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही, हेही त्यांनी सांगितले. मग म्हणाल्या, "तू ज्याला भितेस ते नेमकं काय आहे, हे कधी पाहिलं आहेस का?"

पाहिले नव्हते. कशी पाहणार? ते नजरेसमोर येऊ नये म्हणून तर सगळा खटाटोप होता.

खोलीतली मैत्रीण प्राणिशास्त्राची. तिचे शरीरक्रियाशास्त्राचे पुस्तक मी मागून घेतले. पहिल्या दिवशी तो शब्द दिसताच पुस्तक मिटले. दुसऱ्या दिवशी शब्दावर अंगठा ठेवून पुढचे वाक्य वाचले. आठवडाभराने अंगठा काढला. बी.ए.ची मुलगी रात्री जागून जठर आणि आतडी वाचते म्हणून खोलीत माझी बरीच थट्टा झाली.

वाचले त्यातले एक सांगते. माझी समजूत अशी होती की पोट बंड करून उठते आणि उसळते. ते तसे नाही. 1813 साली माजांदी या फ्रेंच शास्त्रज्ञाने एका कुत्र्याचे जठर काढून त्या जागी डुकराचे मूत्राशय जोडले आणि रक्तात ओकारीचे औषध सोडले. ती निर्जीव पिशवीसुद्धा रिकामी झाली! (कुत्र्याचे वाईट वाटते, पण प्रयोग विसरता येत नाही.) जोर लावतात ते श्वासपटल आणि पोटाचे स्नायू, जठर बिचारे त्या वेळी सैल पडलेले असते. हुकूम सुटतो तो मेंदूच्या अगदी तळातून, मस्तिष्कपुच्छातून. आपण झोपलो असताना श्वास चालू ठेवणारा आणि हृदयाच्या ठोक्यांवर नजर ठेवणारा भाग तोच. तिथेच एक बारीकशी जागा अशी आहे की रक्तातली द्रव्ये मेंदूत शिरू न देणारा पडदा तिथे विरळ असतो. गावकुसाबाहेर बसवलेल्या राखणदारासारखी ती जागा रक्ताची चव घेत राहते आणि विषाचा संशय आला की वर्दी देते. आतड्यातूनही एका लांबलचक मज्जातंतूच्या वाटेने वर्दी येतेच.

आणि हुकूम सुटल्यावर जे घडते त्यात गोंधळ कुठेच नाही. आधी तोंडाला पाणी सुटते. ते कशासाठी, तर वर येणाऱ्या आम्लाने दात खराब होऊ नयेत म्हणून. लहान आतड्याची हालचाल काही क्षण उलटी होते आणि तिथले सगळे जठरात परत येते. मग खोल श्वास घेतला जातो. श्वासनलिकेचे दार बंद होते, टाळूचा मऊ भाग उचलून नाकाची वाट बंद करतो, आणि मगच ती कळ येते. मी ते पान तीनदा वाचले. दहा वर्षे मला वाटत होते की त्या क्षणी माणूस गुदमरतो, सगळे ताबे सुटतात. इथे तर दारे लावून, पाणी शिंपडून तयारी चाललेली! आजीचे पित्तही अगदीच खोटे नव्हते. रिकाम्या पोटी ओकल्यावर जे कडू, हिरवट-पिवळे पडते ते आतड्यातून वर आलेले पित्तच असते.

उंदराला ओकता येत नाही, घोड्यालाही नाही. आमच्या भाताच्या कणगीजवळ ठेवलेले औषध उंदीर खातो आणि ते बाहेर टाकण्याची सोय त्याच्याकडे नसते. पहिल्यांदाच मला असे वाटले की ही गोष्ट नसणे हे जास्त भयंकर आहे.

गाडी लागण्याचे कोडे कानात आहे. अंतर्कर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिका सांगतात की आपण वळतो, डोलतो आहोत; डोळे समोरच्या सीटची पाठ पाहून सांगतात की आपण स्थिर आहोत. दोन साक्षी जुळत नाहीत. 1882 साली विल्यम जेम्सने, ज्याचे नाव आम्ही मानसशास्त्रात वाचतो त्यानेच, पाचशेहून अधिक मूकबधिरांची पाहणी केली. गरगर फिरवल्यावर त्यांतल्या बऱ्याच जणांना मुळी घेरीच येत नव्हती. साक्षीदारच गप्प, मग तंटा कसला! साक्षी जुळल्या नाहीत की मेंदूला विषबाधेचा संशय येत असावा, असा तर्क ट्राइसमन या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली मांडला. विषाने डोके फिरतेच, तेव्हा राखणदाराचे फार चुकते असे नाही. ड्रायव्हरला गाडी लागत नाही, कारण वळण येण्याआधीच ते त्याच्या हातांना ठाऊक असते.

पण खरी गाठ सुटली ती दुसऱ्याच पानावर. भीती वाटली की शरीर पळण्याच्या तयारीला लागते. रक्त हातापायांकडे जाते आणि जठराची हालचाल मंदावते. मराठीत भीतीने पोटात गोळा येतो, दुःखाने कालवाकालव होते आणि ओकारीआधी ढवळते. सगळे एकाच पोटात! मी दहा वर्षे भीतीचा गोळा घेऊन फिरत होते आणि त्यालाच ओकारीची चाहूल समजून आणखी भीत होते. वर उपाशीपोटी प्रवास. रिकाम्या पोटी मळमळ वाढते, हेही तेव्हा माहीत नव्हते.

हे सगळे मी संस्कृतच्या सरांना सहज सांगितले. ते म्हणाले, चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातवा अध्याय पाहा. तिथे अडवू नयेत असे शरीराचे तेरा वेग दिले आहेत. त्या यादीत शिंक आहे, जांभई आहे, भूक आहे, झोप आहे, डोळ्यांतले पाणी आहे आणि छर्दी म्हणजे ओकारीही आहे. अश्रू आणि ओकारी एका यादीत! रडू येईल म्हणून मी कधी उभ्याने प्रवास केला नव्हता.

हे वाचून भीती गेली असे कोणी समजू नये. कोणी उबळ दिली की अजून माझे हात गार पडतात. जेवणाच्या खोलीत मी अजून दाराजवळची जागा पकडते. ज्ञानाने अंधार पळतो वगैरे आपण निबंधात लिहितो. माझा अंधार थोडा मागे सरकून उभा आहे, एवढेच.

या दिवाळीच्या सुट्टीनंतर भाऊ माझ्याबरोबर कॉलेज पाहायला निघाला. पुढची जागा मिळाली नाही, मागच्या चाकावरची मिळाली. त्याला खिडकी दिली आणि दूरवर बघत राहा म्हणून सांगितले. पोफळी सोडून गाडी घाटाला लागली आणि त्याची बडबड थांबली. एक जांभई. दुसरी जांभई. कपाळावर घाम. मग त्याने तोंडात जमलेले पाणी गिळले, आणि मला कळले की दारे लागायला सुरुवात झाली आहे.

उठावेसे वाटले. अगदी खरे सांगते, पाय उठायलाही लागले होते. त्याने माझ्याकडे पाहिले, काही बोलला नाही. मी पर्समधून पिशवी काढली, एका हाताने त्याच्यासमोर धरली आणि दुसरा हात त्याच्या कपाळाला लावला. खोल श्वास. आता श्वासनलिका बंद, आता टाळू वर, असे मी मनात म्हणत राहिले, पाढे म्हणावेत तसे. माझे गुडघे इतके थरथरत होते की त्याची चप्पल हलत होती. सगळे मिळून एक मिनिटही लागले नसेल. पुढच्या सीटवरच्या बाईंनी न मागता पाण्याची बाटली मागे दिली. त्याने चूळ भरली, डोळे पुसले. मी पिशवीला गाठ मारली, दोनदा मारली.

"ताई, तुझा हात गार आहे," तो म्हणाला.

हेळवाकला गाडी थांबली तेव्हा त्याने वडापाव मागितला. मी दोन घेतले.